डावी मूठ

पाय आत घ्या आणि मोबाइल उलटे ठेवा. मधेच कुणाचा उजेड चमकला तर मी तिथेच थांबेन, मग पुढचं ज्याचं त्याने स्वप्नात बघायचं. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या मागच्या गल्लीतल्या मीटरकाकाची आहे. गाड्यांचं वायरिंग करायचा. खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण वीज तपासायचा मीटर असायचाच, म्हणून हे नाव. भुताखेतांचा विषय निघाला की तोंड वाकडं करून म्हणायचा, "सगळी भुतं लूज कनेक्शनमध्ये राहतात. वायर नीट पिळा, भूत गायब."

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, जानेवारीतला तिसरा मंगळवार. संध्याकाळी हा मोटरसायकलची नवी मूठ आणायला बाजारात गेला. साधी मूठ नव्हे, गरम होणारी. हँडलच्या रबरात आतून तार फिरवलेली असते. बटण दाबलं की बॅटरीवर तापते आणि थंडीत बोटं शाबूत राहतात. गाडी लेकीची. ती घाटापलीकडच्या इस्पितळात नर्स होती, पाळी पहाटेची आणि त्या वेळेला बस नाही. बापाने खास या मुठी बघून जुनी गाडी घेतली होती. उजवी मूठ झकास तापायची. डावी ढिम्म.

आणि क्लच डाव्या हातात, हे लक्षात ठेवा. आदल्या आठवड्यात घाटाच्या वरच्या वळणावर पोरीची बोटं आखडली, क्लच वेळेवर दाबला गेला नाही आणि गाडी घसरत कठड्याला जाऊन टेकली. कठड्यापलीकडे काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. गुडघ्यावर निभावलं म्हणून ती हसण्यावारी नेत होती. बापाचा मात्र जीव टांगणीला लागलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला पुन्हा जायचं होतं, म्हणजे त्याच्या हातात ती एकच रात्र होती.

पावणेअकराला लेक झोपायला गेली. हा घरामागच्या पत्र्याच्या खोलीत गाडी घेऊन बसला. आधी फ्यूज बघितला. ठीक. बटण ठीक, अर्थिंग ठीक. हँडल वळतं तिथे वायर आतल्या आत तुटते, हा नेहमीचा घोळ, म्हणून त्याने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. मीटरचा आकडा हलला नाही. हेडलाइटच्या मागे डाव्या वायरला एक जुना जोड सापडला, कुणीतरी टेप गुंडाळून केलेला. "सापडलास, लेका," म्हणाला आणि जोड नव्याने केला. बटण दाबलं. उजवी तापली. डावी गार.

मग नवी मूठ चढवली. तीही गार. शेवटी त्याने उजवीची वीज डावीला दिली आणि डावीची उजवीला. उजवी तापली, डावी गार.

त्याने पुन्हा मीटर लावला. दोन्हीकडे सारखीच वीज जात होती. आता या माणसाचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर उभं. वीज आत गेली की ऊब बाहेर आलीच पाहिजे. इथे वीज आत जात होती. मग ऊब जात होती कुठे?

त्याने हात लावून पाहिला. शेजारच्या लोखंडापेक्षा ते रबर गार होतं.

ज्याच्याकडून गाडी घेतली होती त्याला त्याने फोन लावला, अवेळ आहे हे कळत असूनही. शिव्या खायची तयारी होती. पण तो माणूस जागाच होता. डावी मूठ म्हटल्यावर पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग सांगितलं. गाडी त्याच्या धाकट्या भावाची. दोन हिवाळ्यांपूर्वी वरच्या वळणावर रात्री बंद पडली. कुणीतरी येईल म्हणून पोरगा गाडीवर बसून राहिला. डावीची वायर तुटलेली होती. उजवी तापत होती, बॅटरी संपेपर्यंत.

"सकाळी सापडला," थोरला भाऊ म्हणाला. "उजवा हात खिशात होता. डावा मुठीवर... सोडवावा लागला."

"आधी का नाही सांगितलंत?"

"वायर दुरुस्त केली होती हो. वाटलं, संपलं."

मीटरकाका आत गेला, लेकीला उठवलं आणि उद्या जाऊ नको म्हणाला. ती झोपेतच म्हणाली, "बाबा, वॉर्डात काय सांगू? मूठ गार आहे म्हणून आले नाही? तुम्ही कराल नीट." आणि कूस बदलली. तुम्ही कराल नीट! बापाला एवढं अगतिक कधी वाटलं नसेल. गाडी लपवली असती तर ती कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून गेली असती. हट्टी, बापावर गेलेली.

तो परत खोलीत आला. बटण चालूच होतं. मीटर बाजूला ठेवला. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डाव्या हाताने त्याने ती मूठ धरली. घट्ट.

थंडी मनगटापर्यंत चढली. मग कोपरापर्यंत.

मग... त्याच्या बोटांच्या खाली बोटं होती.

बारीक. पोरसवदा. ताठ.

हात काढावासा वाटला. काढला नाही. म्हणाला, "सोड, बाळा. तिला जायचंय."

बोटं तशीच.

"मी धरतो. तू सोड."

...

मुठीवरचं एक बोट उठलं. मग दुसरं. सुटून गेली नाहीत रे, रबरावरून उठून त्याच्या हातावर आली. आणि त्यांनी त्याचा हात धरला.

पहाटे लेक आली तेव्हा हा गाडीशेजारी बसला होता. तिने डावी मूठ चाचपली आणि खूश झाली, दोन्ही छान तापत होत्या. याला नको म्हणायचं होतं. तरी किल्ली त्यानेच काढून दिली. ती गेली आणि संध्याकाळी सुखरूप परत आली.

पण तेव्हापासून लेक निघाली की हा पायरीवर चहाचा कप डाव्या हातात धरून बसायचा. ती वरच्या वळणाला पोचायची वेळ झाली की हात बर्फ व्हायचा, कपातल्या चहासकट. वळण मागे पडलं की हातात ऊब यायची. मग तो चहा ओतून दुसरा करायचा. अशी दोन वर्षं काढली त्याने. लेकीला एका शब्दाने सांगितलं नाही, फक्त मला सांगितलं.

पुढे तिला इथल्याच दवाखान्यात नोकरी मिळाली. याने स्वतः उभं राहून गाडीचे तुकडे करून घेतले आणि भंगारात घातले. मला वाटलं, सुटला बिचारा.

परवा पहाटे मी त्याच्याकडे गेलो होतो. लेक आत झोपलेली, आम्ही दोघं पायरीवर चहा घेत होतो. बोलता बोलता तो आपल्या डाव्या हाताकडे बघू लागला. मी त्याच्या हातातला कप घेतला. नुकताच ओतलेला चहा, आणि कप हातात धरवेना इतका गार.

"आता कोण चाललंय रे तिथून?" मी विचारलं.

तो उठला, लेकीच्या खोलीचं दार लोटून ती आहे ना ते पाहिलं, आणि परत येऊन हात मांडीवर उताणा ठेवून बसला, ऊब यायची वाट बघत.

मी निघालो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. हात अजून गारच होता.