नागमोडी रेषेवरचा हिरवा

"सिलिकॉनला पिवळा कुणी द्यायला सांगितला?"

परांचीवरचा माणूस वळला. गालावर निळा फराटा, कानामागे ब्रश. "निळा धातूंना, पिवळा अधातूंना... सर तसं बोललेत. ह्यो चकाकत नाय ना, मॅडम?"

"चकाकतो. पण ठोकला तर फुटतो. धातूही नाही, अधातूही नाही. धातुसदृश आहे."

"मंग ह्याला बसवू कुठं?"

"मध्ये. त्या नागमोडी रेषेवर."

"धड हिकडं नाय, धड तिकडं नाय," तो हसला. "आमच्या कळंबात अशांना कोनी विचारत नाय."

"तुमच्या खिशातला मोबाईल त्याच्याच जिवावर चालतो," मी म्हटलं.

पदूची नि माझी ही पहिली भेट. कुंभिवलीजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी अख्ख्या भिंतीवर आवर्तसारणी रंगवायची होती. शनिवारी प्रदर्शन, आणि सोमवारी पदू सुरतेला, चुलतभावाकडे पाट्या रंगवायला. निदान वर्षभर. हे मला बायजामावशींनी, आमच्या शिपाईणबाईंनी, न विचारता सांगितलं. मी विचारलं नाही, याचीही त्यांनी मनात नोंद केली असणार.

धातुसदृशांसाठी तिसरा डबा आणायचा नाही, असं पदूने ठरवलं. पिवळ्यात थेंबाथेंबाने निळा घालत तो करवंटीत हिरवा जुळवत बसला. दर वेळी करवंटी माझ्यापुढे धरायचा, मी नकारार्थी मान हलवायची. शेवटी वालाच्या कोवळ्या शेंगेचा हिरवा उतरला. तेवढ्यात त्याने करवंटी सोडून माझ्याकडे तीनदा पाहिलं. मला मोजायची सवय आहे. वर्गात कोण कुणाकडे किती वेळा बघतं, ते मला पाठमोरीलाही कळतं.

"हातानं केलेला रंग पुन्यांदा तसाच जुळत नाय," तो म्हणाला. "चौकटी किती, आताच सांगा."

मी सहा सांगितल्या. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम. गुरुवारी दुपारी सहाही झाल्या. टर्पेंटाईनच्या वासात तो ब्रश पुसू लागला, म्हणजे काम संपलं.

"सात आहेत," मी म्हणून गेले. "पोलोनियम राहिलं."

निळं झालेलं पोलोनियम आता हिरवं करायचं, म्हणजे रंग नव्याने जुळवून सहाही चौकटींवर परत हात मारायचा. दुसरा कुणी चिडला असता. पदूने नुसतं "बरं" म्हटलं.

अख्खा शुक्रवार मिळाला. तो नको इतक्या सावकाश रंगवत होता, आणि मी घाई केली नाही. बायजामावशी दोघांचे कप एकाच ताटलीत आणू लागल्या.

शनिवारी पाहुणे गेल्यावर तो परांचीच्या दोऱ्या सोडत होता.

"मॅडम, पुतनीच्या पुस्तकात सहाच हायत. मी पयल्याच दिवशी बघितलंवतं."

"काही पुस्तकं सात मानतात," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"आनि तुमी?"

"मी... सहा."

"मंग सातवी कशापायी?"

दोरी त्याच्या हातात तशीच राहिली. मी भिंतीकडे बघत म्हणाले, "तुम्ही सोमवारी जाताय म्हणून."

त्याने वाकून फळ्यांमागून एक करवंटी काढली. तळाशी तोच शेंगेचा हिरवा, वर, रंग सुकू नये म्हणून, पाण्याचा थर.

"गुरुवारचाच हाय. सातव्या चौकटीला पुरून उरला असता. मी बी कुठं खरं बोललो?"

मग त्याने भिंतीकडे बोट केलं. अ‍ॅस्टॅटिनची चौकट सकाळपर्यंत पिवळी होती. आता पांढरी.

"काही पुस्तकं आठवी पन मानतात म्हनं. ती मी शिमग्याला येऊन रंगवतो." करवंटी त्याने माझ्या हातात दिली. तोपर्यंत मी मॅडम होते. "अक्षदा... पानी तेवढं रोज बदला. नायतर साय धरंल."

मुलं विचारतात, बाई, ही एकच चौकट कोरी का? मी सांगते, त्याबद्दल अजून एकमत नाही.

शिमग्याला एकोणतीस दिवस आहेत. आज सकाळीही पाणी बदललं. साय धरलेली नाही.