कातरबैठकीतला जास्तीचा आवाज

केर्तूला तो आधी दिसला नाही, ऐकू आला.

ऑक्टोबरातला मंगळवार होता. हाउकीसालमी गावच्या सार्वजनिक वाचनालयातले सगळे दिवे तिने स्वतःच्या हाताने मालवले होते. खिडक्यांबाहेर सरोवरावर उरलेला राखाडी उजेड हळूहळू पुस्तकांच्या कपाटांमध्ये विरत चालला होता. बारा खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या. सहा शाळकरी मुले-मुली, पाच म्हातारी माणसे आणि बारावी केर्तू. एकोणीस वर्षांची केर्तू वाचनालयात वर्षभरासाठी कामाला लागली होती. शाळेतली पोरे आणि गावातली वडीलधारी मंडळी एका जागी बसतील असे काहीतरी सुरू कर, एवढेच मुख्य ग्रंथपाल मार्केत्ता तिला म्हणाली होती. केर्तूने एक जुनी चाल उकरून काढली. पूर्वी तेल वाचवायला घरोघर कातरवेळी दिवा लावत नसत. हातातली कामे बाजूला ठेवून सगळे अंधारात नुसते बसत आणि गोष्टी सांगत. तिने त्या कार्यक्रमाचे नाव ठेवले कातरबैठक. सूर्य जसजसा लवकर मावळे, तसतशी बैठकीची वेळ दर आठवड्याला अलीकडे सरके.

नियम दोनच होते. गोष्ट एकच असायची आणि प्रत्येकाने तिला एक टाका घालून ती पुढच्याच्या हाती द्यायची. दुसरे, दिवा कधी लावायचा ते सर्वांत वयस्कर माणसाने सांगायचे. तोवर बटणाला कुणी हात लावायचा नाही. सर्वांत वयस्कर होती चौऱ्याऐंशीची हिल्काआजी. तिने पहिल्याच दिवशी आपला तिसरा नियम जोडला. अंधारात माणसे मोजायची नाहीत. मोजली की एक जास्त भरते. मुले हसली. केर्तूही हसली, कारण कार्यक्रमाला किती माणसे आली ते तक्त्यावर लिहिणे हे तिचे कामच होते.

गोष्ट फिरत फिरत बाराव्या खुर्चीपर्यंत, म्हणजे केर्तूपर्यंत आली. गोठलेल्या सरोवरावरून रोज टपाल नेणाऱ्या एका माणसाची ती गोष्ट होती. केर्तूने त्याला कसाबसा सरोवराच्या मध्यापर्यंत आणून सोडला आणि ती थांबली. तेवढ्यात वर्तमानपत्रांच्या मांडणीकडून कुणीतरी गोष्ट उचलली.

"मध्यावर तो उभा राहिला. हातात कंदील होता, पण पेटवला नाही. पलीकडच्या काठावर जी थांबली होती ना... तिच्याशी त्याला फक्त अंधारातच बोलता यायचं."

आवाज पुरुषाचा होता. ओल्या लोकरीसारखा जड आणि ऊबदार, कसलीही घाई नसलेला. केर्तूच्या मानेवर काटा आला. आणि काट्याबरोबर दुसरेही काहीतरी आले, ज्याला तिने त्या क्षणी नाव दिले नाही.

 हिल्काआजीने दिवा लावायला सांगितले. खुर्च्या बारा, माणसे बारा. मांडणीपाशी कुणी नव्हते. तिथली फरशी कोरडी होती आणि मागचे दारही बंद होते.

"इतका देखणा आवाज आपल्यात कुणाचा गं?" सोळा वर्षांच्या मिंतूने विचारले. "आपल्या मुलांचे तर अजून फाटके आहेत."

मुलांनी तिला कागदाचे बोळे मारले. हिल्काआजी मात्र उजवा हातमोजा डाव्या हातात घालत होती. दारापाशी तिने केर्तूची बाही धरली. हा आवाज तावेत्तीचा आहे, ती म्हणाली. तो बर्फावरून टपाल न्यायचा. बेचाळीस वर्षांपूर्वी मार्चमध्ये बर्फ पातळ झाला आणि तो बर्फगाडीसकट खाली गेला.

म्हातारपणी कान असे खेळ करतात, असे केर्तूने स्वतःला समजावले. तक्त्यावर तिने बारा लिहिले. ते लिहिताना पेन क्षणभर अडखळले.

पुढच्या दोन मंगळवारी ती कान देऊन बसली, पण कुणी आले नाही. नोव्हेंबर लागला, पहिला ओला बर्फ पडला आणि आवाज परत आला. आता दिवा लागल्यावर मांडणीपासून मागच्या दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे दिसत. त्या दाराने शेजारच्या गावांच्या वाचनालयांतून मागवलेल्या पुस्तकांचे खोके आत येत. केर्तूने दार उघडून पाहिले. खोक्यांची उतरंड, थंड हवेचा वास, आणि कुणी नाही.

खोके मंगळवारीच दुपारी येत. ते आणणारा गाडीवाला करड्या लोकरी टोपीतला उंच तरुण होता. केर्तूने त्याला दोनदा विचारले होते की रस्ता निसरडा आहे का. दोन्ही वेळा त्याने मान हलवली आणि सहीचा कागद पुढे केला. मार्केत्ताच्या मते पोरगा कामाचा होता. केर्तूच्या मते कामाचा असेल, पण मिजासखोर होता. त्याचे नावही तिने कधी विचारले नाही. तिचे सगळे लक्ष त्या दुसऱ्याकडे लागले होते, जो दिसत नव्हता.

बोलणे गोष्टीच्या आडून होऊ लागले. गोष्टीतल्या मुलीच्या तोंडून केर्तू विचारी आणि टपालवाल्याच्या तोंडून तो उत्तर देई. बाकीचे श्वास रोखून ऐकत. अधूनमधून मिंतू उगीच खाकरे.

"ती विचारते," एका मंगळवारी केर्तू म्हणाली, "की नेहमी अंधारातच का येतोस? तोंड दाखवायची लाज वाटते की काय?"

"तो म्हणतो, माझं तोंड राहू दे. मला तुझं दिसतं ना. आज हिरवा स्कार्फ आहे. डाव्या टोकाला शाईचा डाग."

केर्तूचा हात गळ्याकडे गेला. शिक्का मारताना तो डाग पडला होता, दुपारीच. आता तिला स्वतःची बोटेही दिसत नव्हती.

"ती विचारते..." तिचा आवाज तिला परका वाटला. "तू जिवंत आहेस ना?"

कुणाचीतरी खुर्ची करकरली. बाहेर सरोवराच्या काठचा कोवळा बर्फ कुठेतरी तडकला.

"तो म्हणतो, तू विचारत असतेस तेवढा वेळ... हो."

"मग नाव सांग."

"नाव तेवढं नको मागूस. तेच येत नाही."

त्या रात्री केर्तूला झोप लागली नाही. आपण कुणाच्या प्रेमात पडलो आहोत हे माणसाला ठाऊक असावे, निदान तो माणूस आहे एवढे तरी. आठवडाभर ती हिरवा स्कार्फ धूत राहिली. डाग गेला नाही, आणि तो जाऊ नये असेच तिला वाटत होते. मंगळवार उजाडला तेव्हा तिचा निश्चय झाला होता. बैठकीच्या आधी तिने आपली खुर्ची गुपचूप भिंतीला, बटणाच्या खाली सरकवली.

त्या संध्याकाळी तो नेहमीपेक्षा जवळून बोलत होता. गोष्टीतला माणूस बर्फ ओलांडून काठावर पोहोचला होता आणि तिच्यापासून दोन पावलांवर उभा होता. "आज तो तिला सांगणार असतो," आवाज म्हणाला, "सांगणार असतो की—"

केर्तूने बटण दाबले.

करड्या टोपीतला गाडीवाला प्रकाशात डोळे मिचकावत उभा होता. हातमोजे एका हातात चुरगाळलेले. अकरा चेहरे त्याच्याकडे वळले, आणि बारावा तिचा. त्याने तोंड उघडले.

"के... के..."

मानेच्या शिरा ताठल्या. ओठ हलत होते, जबडा आवळला जात होता आणि शब्द दाराशीच अडकून पडला होता. मिंतू हसली. भूत नाही म्हणून सुटकेने हसली ती, पण हसली. तो वळला. मागचे दार आपटले, गाडी सुरू झाली, आणि केर्तूचा हात अजून बटणावरच होता.

"उजेड आपसूक येतो, पोरी," हिल्काआजी म्हणाली. "मानगूट धरून आणायचा नसतो."

मंडळी पांगल्यावर तिने बाकीचे सांगितले. तो ईलिस, तावेत्तीचा नातू. नातू आहे हे ठाऊक होते, पण त्याला बोलताना गावात कुणी ऐकले नव्हते, मग आवाज ओळखणार कसा? तावेत्तीचेही तसेच होते. दिवसा शब्द अडकायचे, म्हणून तो गप्पच असे. फक्त दिवा नसला, समोरचा आपल्या तोंडाकडे बघत नसला, की झऱ्यासारखा बोले. तरुणपणी एका हिवाळ्यात तो रोज कातरवेळी बर्फ ओलांडून यायचा आणि आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बोलत राहायचा, असे सांगताना म्हातारी खिडकीकडे पाहत होती.

"मग?" केर्तूने विचारले.

"मग काय. सगळं बोलला, माझं नाव तेवढं कधी घेतलं नाही. मी वाट बघायला हवी होती. मला वाटलं, ज्याला नावसुद्धा घेववत नाही त्याला मी कशाला हवी असेन. दुसऱ्याशी लग्न केलं."

पुढच्या मंगळवारी केर्तू कामावर येण्याआधीच खोके मागच्या दाराबाहेर रचून ठेवलेले होते. बैठकीत त्याची पाळी आली तिथे गोष्ट थांबली आणि कुणीही ती उचलली नाही. मिंतूसुद्धा नाही.

परत जाणारे रिकामे खोके भरताना केर्तूने राखीव पुस्तकांत घालायची एक कोरी पट्टी घेतली. राखून ठेवणाऱ्याच्या नावाची जागा तिने मोकळी सोडली. खाली लिहिले: "राखीव – तेरावी खुर्ची. मुदत नाही. नाव सांगायला लागेल तेवढा वेळ." अगदी वरच्या खोक्यात, हाताला लागेल अशी तिने ती ठेवली.

एक आठवडा गेला. उत्तर आले नाही. तिने तेरावी खुर्ची मांडली, ती रिकामी राहिली, आणि तिने ती उचलली नाही.

नाताळच्या आधीच्या मंगळवारी बैठक तीनलाच होती. अडीच वाजता खोलीत सगळे दिवे जळत होते. मुले आलुबुखारा भरलेल्या, चांदणीच्या आकाराच्या पेस्ट्र्यांवर तुटून पडली होती आणि म्हातारी मंडळी कोट काढत होती. पुढचे दार उघडले. मागचे नव्हे, पुढचे. माणसे मोजणारे यंत्र असलेले. ईलिस आत आला आणि सरळ टेबलापाशी येऊन उभा राहिला. टोपीवरचा बर्फ वितळून त्याच्या भुवयांवर टपकत होता. हातात ती पट्टी होती.

मुलांचे हात पेस्ट्र्यांवरच थांबले.

"के..." तो म्हणाला. "के... के..."

शब्द केर्तूच्या जिभेवर तयार होता. तिचेच तर नाव. पुढे सरकवून दिले असते तर त्याची सुटका झाली असती. तिने ओठ मिटून धरले. डोळे हलवले नाहीत. मिंतूने मदतीला तोंड उघडले, तेव्हा हिल्काआजीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. खोलीत कुठेतरी घड्याळ चालू होते. किती वेळ गेला ते केर्तूला नंतरही कधी सांगता आले नाही.

"...केर्तू."

ते नाव तिने आयुष्यभर ऐकले होते. इतक्या लांबून चालत आलेले कधी ऐकले नव्हते.

"हो," ती म्हणाली. "बोल. मला घाई नाही."

"मला तू आ... आवडतेस. उ... उजेडातसुद्धा."

"मला तर वाटायचं, तू मिजासखोर आहेस."

"तो... तोही आहे थोडा."

ती हसली, तोही हसला. आणि हसताना तो मुळीच अडखळला नाही. ती म्हणाली, की पहिल्या मंगळवारी तू गोष्ट उचललीस, तेव्हाच मी त्या आवाजात अडकले होते. ईलिसचे हसू ओसरले. तुटक तुटक, शब्दाशब्दाला थांबत त्याने जे सांगितले, ते फक्त तिलाच ऐकू गेले. पहिल्या मंगळवारी खोके आणायला त्याला कातरवेळ झाली होती, आणि ते ठेवून तो दाराआडच उभा होता. आत माझाच आवाज बोलत होता, तो म्हणाला. माझी आजी सांगायची तीच आजोबांची गोष्ट. ऐकून मी पळालो. पुढचे दोन मंगळवार खोके टाकून तसाच निघून गेलो. मग राहवले नाही, तेव्हा आत आलो.

केर्तूला त्या दिवशीची फरशी आठवली. कोरडी.

तीन वाजले. तिने दिवे मालवले आणि चाचपडत येऊन बसली. तेराव्या खुर्चीवरून एक हात पुढे आला आणि तिच्या हातात राहिला. गोष्ट फिरू लागली, सावकाश, जणू सगळ्यांनाच ठाऊक होते की ती कुठे जाऊन थांबणार आहे. टपालवाला काठावर, तिच्यापासून दोन पावलांवर उभा होता. पाळी ईलिसची आली. तो बोलला नाही. बोटांतली पकड मात्र घट्ट झाली, कारण वर्तमानपत्रांच्या मांडणीकडून कुणीतरी श्वास घेतला होता.

"हिल्का," तिकडून आवाज आला. जड, ऊबदार, कसलीही घाई नसलेला. एवढेच.

 सरोवरावरचा बर्फ एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लांब कण्हला, आता तो पुरता गोठला होता.

"ऐकलं रे," हिल्काआजी अंधारात म्हणाली. तिचा आवाज एखाद्या मुलीसारखा झाला होता. मग बऱ्याच वेळाने, नेहमीच्या आवाजात, "लावा आता दिवा. आणि केर्तू... मोजू नकोस."

दिवा लागला. हिल्काआजी चष्मा पुसत होती. केर्तूने एका हाताने तक्ता ओढला, कारण दुसरा मोकळा नव्हता. आकड्याच्या रकान्यावर तिचे पेन थोडे रेंगाळले. मग तिने लिहिले: "सगळे आले."