आयेचं गाऱ्हाणं

“वहिनी... पोरीचं जरा बघ,” एवढंच कसंबसं बोलून नंदकुमार दाराबाहेरच थांबला, आणि मोदकाची उकड मळता मळता मालनचे हात जागच्या जागी थिजले!

तीन वर्षं... तीन वर्षांत या दिराने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. लग्न होऊन मालन अंधेरीच्या या चाळीत आली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याच्या शाळेच्या डब्यापासून लग्नाच्या मुंडावळ्यांपर्यंत सगळं तिनेच केलं होतं. आईला भेटायचं झालं तर तो चाळीच्या नळावर उभा राहून हाक मारायचा, पण हा उंबरठा त्याने वर्ज्य केला होता. आणि आज, ऐन गणेशचतुर्थीला, तेरा वर्षांच्या माणिकला चादरीत गुंडाळून तो दारात उभा होता. पोर रडून रडून लाल झाली होती.

मालनने चादरीकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. आईविना वाढणारी पोर! असल्या गोष्टीला बाप बिचारा काय करणार? भांबावून तो तिला घेऊन डॉक्टरकडे निघाला होता आणि अर्ध्या वाटेतून इकडे वळला होता.

“काकी, मी मरणार का गं?” माणिकने विचारलं.

“मरतेस कशाला? मोठी झालीस तू. ये आत.”

तेवढ्यात मखरापुढे वाती वळत बसलेली सासू पोरीकडे बोट दाखवत उठली. “मालन! चेडवाक भायर बसय गो. आज घरात देव हत... तेका शेजाऱ्याकडे धाड.”

हेच शब्द! याच घरात, याच म्हातारीच्या तोंडून, तीन वर्षांपूर्वी अगदी हेच शब्द मालनने ऐकले होते.

श्रावणातली सत्यनारायणाची पूजा होती ती. मालनचा नवरा दत्ताराम कंपनीत होता, नंदकुमार माणिकला घेऊन भटजींना आणायला गेला होता, आणि धाकटी सुनंदा स्वयंपाकघरात सासूच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. सासूने तिला तिथूनच घरी घालवलं. बाहेर धो धो पाऊस; सुनंदाचं बिऱ्हाड तिकडे घाटकोपरच्या डोंगरावर. ती छत्री घेऊन निमूट गेली. मालन प्रसादाचा शिरा परतत होती. ‘आये, नका घालवू तिला’ एवढंच म्हणायचं होतं! पण देवाचं कार्य... जीभ उचललीच नाही. त्याच दुपारी डोंगराचा कडा कोसळला. सोळा खोल्या मातीखाली गेल्या, त्यांत एक सुनंदाची!

“तिला कुणी घालवलं?” प्रेताजवळ नंदकुमार ओरडला होता. सासूचे डोळे तेव्हा पांढरे झाले होते, आता ही जाते की काय असं वाटलं, आणि मालन पुढे होऊन म्हणाली होती, “मी.”

तो एक शब्द तिने तीन वर्षं जिवापाड सांभाळला. नवऱ्यालाही खरं कळू दिलं नाही. मुलाने आईला टाकावं यापेक्षा वहिनीला टाकलेलं बरं, असा तिचा साधा हिशेब होता. आणि आपण त्या वेळी गप्प राहिलो, म्हणजे अर्धं पाप आपलंच, हेही तिच्या मनाने मान्य केलं होतं. पण आज? आज ती गप्प राहणार नव्हती!

“आये,” ती शांतपणे म्हणाली, “आज या घरातनं कुणी बाहेर जाणार नाही.”

“गो, देवाक इटाळ होतलो...”

“झाला तर तो बघून घेईल. एवढं विश्व चालवतो, त्याला एका पोरीचं जड होईल होय?”

दाराबाहेरून नंदकुमार कडवटपणे हसला. “वा वहिनी! माझ्या बायकोच्या वेळी हे कुठे गेलं होतं गं? तेव्हा तुझा देव नाजूक होता, ना? तू तिला हाकललीस आणि त्याने वरनं डोंगर ढकलला. असल्या देवाला मोदक घाल तू. मी हात जोडणार नाही.”

मालनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण आवाज हलला नाही.

“नको जोडू. डोंगर का पडला ते मला विचारू नकोस नंदू, मला अडाणीला त्याचं उत्तर तीन वर्षांत सापडलं नाही. रोज त्याला विचारते, भांडते. पण एक मला कळलंय. सुनंदाला घराबाहेर देवाने नाही काढलं रे! तो बिचारा पाटावर गप्प बसला होता. बोललो ते आपण, आणि नाव त्याचं घेतलं. दरड कोसळायची तेव्हा कोसळेल, पण माणसाला तिच्या खाली ढकलायचं की घरात ओढायचं, एवढं तरी आपल्या हातात आहे ना? आज मी ओढणार!”

आणि तिने माणिकचा हात धरून तिला सरळ आत नेलं. कढत पाण्याने न्हाऊ घातलं, आपलं जुनं मऊ लुगडं फाडून घड्या दिल्या, काय न् कसं ते समजावलं, आणि कोरा परकर नेसवून तिला थेट मखरापुढे दूर्वांच्या जुड्या बांधायला बसवलं. सासू भिंतीला टेकून ते बघत होती.

संध्याकाळी उशिरा दत्ताराम भटजींना अक्षरशः पकडून घेऊन आला. भटजींची अजून सात घरं राहिली होती. त्यांनी पूजा वाऱ्यासारखी उरकली आणि नारळ पिशवीत टाकून ते पसार झाले. दारातच बसलेल्या भावाला पाहून दत्ताराम गहिवरला, पण काही न विचारता मखरापुढे उभा राहिला. कोकणातल्या रीतीप्रमाणे आता घरच्या कर्त्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं, घराचं सुखदुःख सांगायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. त्याने हात जोडले.

“थांब दत्ताराम!” म्हातारी पुढे आली. “आज गाराणा मिया घालतंय.”

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं या घराने कधी ऐकलं नव्हतं.

“बा देवा गणपती म्हाराजा! सुनंदा माजी धाकटी सून. तिका ह्या घरातून भायर काढलंय ती मिया... मालनीन न्हय, मिया! तुका इटाळ होतलो म्हणान! डोंगर कित्याक पडलो ता तुजा तुका ठावक. पण तिका त्या डोंगराखाली धाडलंय ती मिया, रे म्हाराजा!”

कुणाच्याही तोंडून साथ आली नाही. दत्तारामचे जोडलेले हात सुटले. मालन कळवळून म्हणाली, “आये, पुरे... पुरे झालं हो!” पण म्हातारीने तिला हातानेच थांबवलं.

“माजा पाप मालनीन आपल्या डोक्यार घेतल्यान. माज्या झिलान, ह्या नंदून, तिका टाकल्यान, तरी ती एक शब्द बोलाक नाय. माका काय नको. माफी पण नको. तिचो मान तेवढो तिका परत मेळांदे, रे म्हाराजा!”

दाराशी बसलेला नंदकुमार भिंतीचा आधार घेत उठला. गालांवरून धारा वाहत होत्या. तीन वर्षांत देवाचं नाव न घेतलेल्या त्या माणसाने मखराकडे बघून फुटलेल्या आवाजात साद दिली,

“व्हय म्हाराजा!”

उंबरठा ओलांडून तो आला आणि त्याने वहिनीच्या पायांवर डोकं ठेवलं. “वहिनी... तू का नाही सांगितलंस गं?”

मालनने त्याला खांद्याला धरून उठवलं. त्याला पोटाशी धरून मनसोक्त रडावं असं तिला फार वाटत होतं. पण म्हातारी मखरापुढे कोसळून पडली होती.

“माझं मागनं बघू,” ती म्हणाली. “आधी आयेला उठव.”

नंदकुमारने मखरापुढे पडलेल्या आईकडे पाहिलं. मग तो खाली वाकला.