जगात कोणीही नसलेला उमेदवार

"आई-बाप वारले, जगात आपले म्हणावे असे कोणीही उरले नाही, अशा अनाथ बालकाने दौंड स्टेशनच्या दिव्याखाली अभ्यास करून वकिली मिळवली..." प्रचाराला आलेल्या पोपटने पत्रक मोठ्यांदा वाचले आणि चांगुणाच्या तव्यावरची भाकरी जळली!

वीस वर्षे दौंडला रेल्वेच्या ड्रायव्हर-गार्डांचे डबे करून, चालत आलेली तीन स्थळे परत पाठवून, ज्याला तिने शिरूर कोर्टाचा वकील केला, त्या धाकट्या भावाच्या, मच्छिंद्रच्या जगात कोणीही नव्हते...! दिव्याचे म्हणाल, तर त्याच्याखाली तो एकदाच बसला होता आणि तेव्हाही झोपला होता. पण बहात्तर सालच्या झेडपी निवडणुकीत अनाथ उमेदवाराला चांगला उठाव होता.

"आक्का, लोकांना असंच आवडतं गं," मच्छिंद्र नजर चुकवत म्हणाला.

"व्हय बाबा." काळजाचे तुकडे झाले, तरी पुढची भाकरी थापायचीच होती, कार्यकर्ते तीस होते.

न्हावऱ्याच्या सभेत बायका दिसाव्यात म्हणून तिलाही जीपमधून नेऊन पुढे बसवले. अनाथपणाचे वर्णन अगदी रंगात आले असताना विरोधी बाजूचा बाळासो उठला.

"वकीलसाहेब, जगात कुणी नव्हतं म्हणता, मग तुमच्या घरची ही बाई कोण? बाई, तुमीच सांगा की!"

तिने एक शब्द खरा बोलावा आणि भावाची निवडणूक तिथेच संपावी... चांगुणा सावकाश उठली.

"मी व्हय? मी... शेजारीण. दौंडला शेजारी ऱ्हात व्हते. कवा भाकरी दिली आसंल, तेवढंच."

मच्छिंद्रने माईक तोंडाशी ओढला. "खोटं बोलती ती! माझी सख्खी बहीण हाय! तिनं लगीन केलं न्हाई, तवा मी शिकलो. अनाथ मी एक दिवस बी नव्हतो!" आणि तो मंचावरून उतरून भर सभेत तिच्या पायांवर कोसळला!

"ऊठ की रं, कोट मळला," ती हुंदके देत म्हणाली. "आरं, जल्मात एकदा येवढं चांगलं खोटं बोलले, ते बी वाया घालवलंस!"

मच्छिंद्र चारशे मतांनी पडला. त्या दिवशी सांत्वनाला आलेल्या बायकांनी पाहिले, तर चांगुणा गाणे गुणगुणत पुरण वाटत होती. हिला निकाल कळलेला नाही, असे सगळ्यांनाच वाटले. पण सांगायचा धीर कोणालाही झाला नाही.