कॅमेऱ्याची जागा

पोलिसांच्या फोटो तपासणी विभागात त्यांना सगळे फूटपट्टीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. फोटो काढताना कॅमेरा नेमका कुठे होता हे मापून सांगायचं, हेच त्यांचं काम. आणि चोरून काढलेल्या फोटोंच्या प्रकरणांत सगळं घोडं तिथंच पेंड खातं. रस्त्यावर उभं राहून रस्ता टिपणाऱ्याला कुणी हटकू शकत नाही. पण एखादी बाई आपल्या खोलीत, कुणी बघत नाही असं धरून वावरत असताना तिच्यावर कॅमेरा रोखला, तर तो गुन्हा.

या वेळचा आरोपी पिकल्या केसांचा फोटोग्राफर होता. दर मंगळवारी सकाळी तो बाजाररस्त्याचे फोटो काढायचा. ते छापायला दिले, तेव्हा त्यांत मधूनच पाच फोटो वेगळे निघाले. एक बाई, पाठमोरी, न्हाऊन टॉवेलात बसलेली, केस पुसताना. स्टुडिओवाल्याने खिडकीवरून तिला ओळखलं. त्याच रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी शिक्षिका. त्याने तिच्या कानावर घातलं, तिने तक्रार केली. तसा सहावा फोटोही होता, पण त्यात माणूसच नव्हतं. ठाण्यातल्यांनी त्यावर ‘रिकामी खोली, निरुपयोगी’ असा शेरा मारला होता.

"बाई, मी भाजीची हातगाडी टिपली होती," फोटोग्राफर म्हणाला. "सहाही वेळा. रस्ता सगळ्यांचाच असतो ना?"

"रस्ता सगळ्यांचा. खिडकी नाही."

"मग मी स्वतःहून छापायला कशाला दिले असते?"

"साळसूद दिसायला."

दोष सिद्ध झाला तर त्याला तुरुंग होता, आणि पुढे जन्मभर कॅमेरा हातात धरायची चोरी. फूटपट्टीबाईंना त्याची दया आली नाही. गोड बोलणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. अहवाल संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा होता.

दुपारी त्या शिक्षिकेच्या खोलीत पोचल्या. एक खिडकी, खिडकीकडे पाठ करून खुर्ची, समोर टेबल, टेबलावर दिवा, पलीकडे दार. शिक्षिका खुर्चीत बसून वह्या तपासत होती.

"बसूनच राहा," त्या म्हणाल्या. "मला फक्त दोरा लावायचाय."

त्यांची पद्धत साधी होती. फोटोत कुठल्या दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना टेकल्यात ते बघायचं, त्या दोन कडांवरून दोरा ताणायचा. अशा दोन ओळी मिळाल्या, की त्या जिथे भेटतील तिथे कॅमेरा. त्या खिडकीशी गेल्या आणि पहिल्याच फोटोपाशी थबकल्या. फोटोत टेबलाचा वरचा भाग दिसत होता. भिंगाने लांबचं जवळ आणता येतं, पण खाली फुटपाथवर उभं राहून दुसऱ्या मजल्यावरच्या टेबलाचा माथा दाखवता येत नाही.

म्हणजे समोरची इमारत. समोर गोदामाची आंधळी भिंत होती. तिला ना खिडकी, ना गच्चीवर जायला जिना. ओळी बरोबर त्या भिंतीवर जाऊन भेटत होत्या.

दुसऱ्या फोटोच्या ओळी रस्त्याच्या मधोमध भेटल्या, अधांतरी. ड्रोन असणार, त्यांनी मनाशी म्हटलं. लबाड म्हातारा! पण तिसरा फोटो खिडकीच्या गजांपासून वीतभर अंतरावरून काढलेला होता, आणि एवढ्या जवळ घरघरलं असतं तर शिक्षिकेने मागे वळून पाहिलं नसतं?

चौथा फोटो गजांच्या आतून काढला होता.

त्यांनी दोरा सोडून पुन्हा ताणला. उत्तर तेच आलं.

पाचवा खुर्चीच्या अगदी मागून. मानेवरचे ओले केस एकेक मोजता येत होते.

"तुम्हाला कधी काही जाणवलं नाही?" त्यांनी विचारलं.

"जाणवायचं की," शिक्षिका वहीवरून मान वर न करता म्हणाली. "दर मंगळवारी. मागे कुणीतरी आहेसं."

फूटपट्टीबाईंनी सहावा फोटो काढला. टेबल, दिवा, बंद दार. दिव्याची कड दाराच्या चौकटीला टेकलेली. त्यांनी दोऱ्याचं एक टोक चौकटीला चिकटवलं, दोरा दिव्यावरून घेतला आणि ताणत ताणत मागे आणला.

शिक्षिकेने वही मिटून मान वर केली.

दोरा तिच्या दोन भुवयांच्या मधोमध टेकला.

तिची पापणीसुद्धा लवली नाही. फूटपट्टीबाई भ्यायल्या. नोकरीत पहिल्यांदाच, सरळसरळ भ्यायल्या.

"ताई, मी तक्रार मागे घेतेय," शिक्षिका म्हणाली. "त्या बिचाऱ्याला सोडून द्या. गेल्या मंगळवारपासून मागे कुणी आहेसं वाटतच नाही."

म्हातारा सुटला होता. पाचच्या आत अहवालात कॅमेऱ्याची जागा तेवढी लिहायची राहिली होती. फूटपट्टीबाईंनी दोरा गुंडाळायला घेतला. तो नीट गुंडाळला जाईना.

"जरा डावीकडे सरता?" शिक्षिका म्हणाली. "तोंडावर उजेड येत नाहीये. हां, अजून थोडं. आता हलू नका."

आणि फूटपट्टीबाई हलल्या नाहीत.