चार्जर संपलेत

नागपूरची बस रश्मीच्या डोळ्यांदेखत सुटली. तिनं धावत हात केला, तर कंडक्टरनं आतून उलट हात हलवून तिला टाटा केलं! ब्रह्मपुरीच्या स्टँडवरची माणसं हसली, रश्मी मनातल्या मनात चरफडली आणि पुढची बस कधी हे कोणालाच धड सांगता येईना, म्हणून रस्ता ओलांडून समोरच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

ती सावली जाफरभाईंच्या फोटो स्टुडिओची होती. आणि काचेच्या नव्या कपाटात ओळीनं मांडले होते डिजिटल कॅमेरे... ज्यांच्यासाठी बाईसाहेब नागपूरला निघाल्या होत्या, नेमके तेच.

रश्मी कृषी सहायक होती, नुकतीच लागलेली. रोज स्कूटीवरून वैनगंगेकाठची गावं पालथी घालायची, धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, हिंडायची. रोगट पान दिसलं की तोडून पिशवीत टाकायची आणि संध्याकाळी साहेबांपुढे ठेवेपर्यंत त्याचा पार चुरा व्हायचा. "हे पान आहे का तंबाखू?" असं साहेबांनी एकदा विचारलं, तेव्हाच तिनं ठरवलं होतं की कॅमेरा घ्यायचा.

"भाऊ, रोज जवळ ठेवता येईन असा कॅमेरा दाखवा."

काउंटरमागच्या तरुणानं मान वर केली. हा राजदीप. जाफरभाईंच्या हाताखाली शिकला आणि आता त्यांचा भागीदार झाला होता. डोळे असे हसरे, की समोरच्याला उगाच वाटावं, आपल्या नाकाला काही लागलंय का?

"रोज जवळ म्हंजे कुठी? पर्समधी?"

"पर्समधी, खिशात, कुठीबी. बांधीत वाकलं तं पडला नाई पाह्यजे. अन् चिखलाचा हात पुसून लगेच वापरता आला पाह्यजे."

त्यानं एक चंदेरी, पातळ कॅमेरा पुढे केला. "हा घ्या. पावडरच्या डबीएवढा. कॉलेजच्या पोरी हाच नेऊन राह्यल्या."

"मी कॉलेजात नाई. याची बॅटरी संपली तं?"

"चार्ज करा लागते."

"दिवसभर भारनियमन अन् मी बांधीत. कुठी चार्ज करू, धानाच्या लोंबीले लावू?"

"मंग हा पाहा. याले झूम आहे. ताडोब्याचा वाघ घरात आल्यासारखा दिसते."

"मले वाघ नाई, तुडतुडा पाहाचा आहे. धानावरची कीड. तांदळाच्या दाण्याहून लहान असते."

आता मात्र तो मोकळेपणानं हसला. खाली वाकून त्यानं एक काळा, गुबगुबीत कॅमेरा काढला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा. रश्मीनं तो कुर्त्याच्या खिशात घातला, खाली वाकली, उठली, पुन्हा वाकली. स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी बसलेल्या आजोबांना वाटलं, पोरीची कंबर धरली.

"हाच! सेल तं कोणत्याही किराणा दुकानात भेटतात."

"सेलचं जरा..." तो काही सांगणार होता, पण तिनं बोलू दिलं तर ना! मग त्यानं कॅमेऱ्यावरचं एक चिन्ह दाखवलं. "हे फूल. जवळचं पाहाचं असन तं फूल दाबा. हा डोंगर दूरच्यासाठी."

"अन् फूल नाई दाबलं तं?"

"तं जवळ असूनही धुकट दिसते, मॅडम..."

हे त्यानं कॅमेऱ्याकडे पाहून म्हटलं की तिच्याकडे, ते रश्मीला कळेना. ती ओढणी सारखी करू लागली आणि तेवढ्यात — क्लिक! दाखवायला म्हणून त्यानं बटण दाबलं होतं. पडद्यावर रश्मी होती, लाजलेली, भुवई चढवलेली आणि, खरं सांगायचं तर, फार गोड.

"काढा तो फोटो!"

"काहाडला ना."

"काढलेला काढा म्हणते मी!"

"काहाडलेला कसा काहाडू? पुन्हा एक काहाडू?"

"अहो, काढून टाका हो!"

"असं... तो काहाडू!" त्याच्या डोक्यात उजेड पडला. तिच्यासमोरच त्यानं कचऱ्याच्या डब्याचं बटण दाबलं, आणि दाबताना त्याचा चेहरा असा पडला की रश्मीलाच वाईट वाटलं. नागपूरची पुढची बस केव्हा आली आणि केव्हा गेली, ते तिला कळलंच नाही.

मात्र आठवड्याच्या आत ती तणतणत परत आली. "लच्छूभाऊच्या बांधीत सारं गाव गोळा केलं, कॅमेरा काढला, अन् हा डोळे मिटून बसला! सकाळीच नवे सेल टाकले होते!"

"तेच तं सांगत होतो. साधे सेल याले पुरत नाई. चार्जिंगचे सेल पाह्यजे." त्यानं दोन जोड्या काढल्या.

"मंग चार्जरबी द्या."

राजदीपनं कपाटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"चार्जर... संपलेत. तुम्ही असं करा, संपलेली जोडी इथी आणून द्या, मी भरलेली देईन. आपल्याकडं इन्व्हर्टर आहे."

झालं! दर शनिवारी रश्मी येऊ लागली. एक जोडी द्यायची, एक घ्यायची. काम असं चिमूटभर. पण त्यासाठी चहा मागवला जायचा, फोटो कॉम्प्युटरवर उघडले जायचे. कधी सेल परत घेताना तिची बोटं त्याच्या तळहातावर जरा जास्तच रेंगाळायची, आणि मग दोघंही एकदम कॅमेऱ्याकडे पाहायचे.

"हा तुडतुडा... अन् हा करपा ना?" राजदीप विचारायचा. "या तुडतुड्याचं तोंड आता मले सोयऱ्यासारखं वाटून राह्यलं. तुम्ही माणसाचे फोटो काऊन नाई काहाडत?"

"माणसं हलतात."

"मी नाई हलत. पाहा." आणि तो खरंच पुतळा होऊन बसायचा. रश्मी हसत सुटायची. पहिल्या दिवशीचं 'भाऊ' कधी गळून पडलं, ते फक्त जाफरभाईंच्या लक्षात आलं होतं. ते चष्म्यावरून पाहायचे आणि पुन्हा पेपर वाचायचे.

पण राजदीप पुढचं काही बोलेना. दसरा गेला, दिवाळी गेली, धान पिवळं पडलं, कापलं गेलं, आणि एका शुक्रवारी आई म्हणाली, "रविवारी मामा भंडाऱ्याले जाऊन राह्यला. बँकेतला पोरगा आहे. तुह्या चांगल्यातला एक फोटो काढून आण."

त्या शनिवारी रश्मी निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसली. "फोटो काढाचा आहे. भंडाऱ्याचं स्थळ आलं."

राजदीपचा हात थांबला. "...छान," तो म्हणाला. स्वतःच्या तोंडून हा शब्द कसा निघाला, त्याचं त्यालाच नवल वाटलं असणार. त्यानं पहिला फोटो काढला, तर लेन्सचं झाकण तसंच होतं. दुसऱ्यात रश्मीचं डोकंच आलं नाही. ती स्टुलावर ताठ बसून होती आणि आतून तिला रडू येत होतं. एक शब्द बोल ना रे! आज बोलला नाहीस, तर उद्या हा फोटो मामाच्या खिशातून जाईल, आणि मग मी शनिवारी कुठं जाऊ?

तेवढ्यात बाहेरून जाफरभाईंचा आवाज आला, नको तेवढा मोठा. "अरे राजदीप! ये चार्जर का ढेर कधी विकशील बाबा? दसऱ्याच्या आधीपासून कपाटात पडून आहेत. नऊच्या नऊ!"

रश्मी उठून उभी राहिली.

"चार्जर तं संपले होते ना?"

"...नाई."

"खोटं काऊन बोलले?"

"चार्जर दिला असता, तं तुम्ही आल्या असत्या का?"

तिनं ओठ दाबले. "अन् आता हा फोटो? काढता का नाई?"

"मले नाई काहाडाचा!" तो एकदम बोलून गेला. "भंडाऱ्यासाठी तं अजिबात नाई. त्या दिवशी तुमचा फोटो तुमच्यासमोर काहाडून टाकला, कॅमेऱ्यातून गेला. मनातून काहाडाचं बटन कुठी असते, ते तवापासून पाहून राह्यलो... भेटलं नाई."

बाहेर पेपरची पानं उलटण्याचा आवाजही थांबला होता. रश्मीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू.

"भेटलं तरी दाबू नको," ती म्हणाली. तिच्याही नकळत 'तुम्ही'चा 'तू' झाला होता. "आईले उद्या फोटो पाह्यजे. तू ये. तुह्या आईले घेऊन ये."

रविवारी सकाळी आईनं मामासाठी चहा टाकला होता. दारात राजदीप, त्याची आई बायनाबाई आणि हातात मिठाईचा डबा घेतलेले जाफरभाई उभे राहिले.

"हे कोण व?" आईनं हळूच विचारलं. "अन् फोटो कुठी आहे?"

"फोटो नाई आणला, आई... फोटोवाला आणला."

आई आधी पोरीकडे बघत राहिली, मग मुकाट आत जाऊन आणखी कप घेऊन आली. मामा भंडाऱ्याची बस विसरून मिठाईच्या डब्याकडे पाहू लागला. बायनाबाई आणि रश्मीचे वडील बापूराव यांची गावं, नाती, ओळखीपाळखी निघाल्या आणि बायनाबाईचं माहेर बापूरावांच्या आत्याच्याच गावचं निघालं, तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं.

राजदीप अवघडून बसला होता. नजर कुठं ठेवावी कळेना, म्हणून त्यानं ती बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली. तिथं एक चार्जर होता. खोक्याचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेला.

"हा..."

"तो मीच आणला, नागपूरहून," बापूराव कौतुकानं म्हणाले. "पेन्शनच्या कामाले गेलो होतो, दसऱ्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. पण आमची पोरगी हात लावाले तयार नाई. म्हणे, दुकानातच चांगले चार्ज होतात!"

राजदीपनं सावकाश मान वळवली. रश्मी ट्रे घेऊन उभी होती, कानापर्यंत लाल झालेली.

"चहा घ्या," ती म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."