डाव्या अंगाची सोबत

चिंतामणराव त्या दिवशी इंदूरला गेले ते एक पेटी सोडवून आणायला. मुंबईच्या दुकानदाराने ती आगगाडीने पाठवली होती आणि स्टेशनच्या मालगुदामात ती येऊन पडली होती. पावसाळा नुकता सरला होता. परतीच्या वाटेवर टांग्याची चाकं काळ्या मातीत रुतत होती, दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, आणि क्षिप्रा ओलांडून देवासची टेकडी दिसू लागली तोवर ऊन कलायला आलं होतं. पेटी त्यांनी सारा वेळ मांडीवर धरली होती. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि तारेच्या टोकांना रोग्याने धरायच्या दोन पितळी मुठी. ज्यांचं दुखणं अंगात नसून मनात असतं त्यांना विजेच्या या पेटीने गुण येतो, असं ते कॉलेजात शिकले होते.

पेटी त्यांनी सख्ख्या बहिणीसाठी आणली होती.

देवासात तेव्हा एकाच गावात दोन राजे नांदत. रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, दुसरी धाकट्या पातीची, आणि संध्याकाळी दोन्ही राजवाड्यांवर चौघडा झडे. चिंतामणराव मुंबईहून डॉक्टर होऊन आले ते तिथेच राहिले. आई लहानपणीच गेलेली; त्यांना न्हाऊमाखू घातलं ते थोरल्या बहिणीने, अक्काने. अक्का लग्न होऊन धारला गेली, काही वर्षांत विधवा झाली आणि कमल नावाच्या लहानग्या मुलीला घेऊन भावाकडे आली. कमल मामाच्या मागे मागे घरभर हिंडायची.

मग प्लेगचं वर्ष आलं. गाठ आलेल्याला गावाबाहेर गवताच्या झोपड्यांत न्यायचं आणि घरच्या कुणालाही बरोबर जाऊ द्यायचं नाही, असा नियम झाला. गावात तो पाळून घेणारे चिंतामणरावच होते. लोकांची मुलं त्यांनी आयांच्या मांडीवरून उचलून नेली होती. कमलच्या काखेत गाठ दिसली तेव्हा भाचीला वेगळा न्याय लावणं त्यांना जमलं नाही. अक्काने एकच मागितलं. मला तिथे नेऊ नकोस, पण इथून हलवण्याआधी ती झोपेपर्यंत तिचा हात तरी धरू दे. ते नाही म्हणाले. गाडी हलली तेव्हा पोरीने गाडीतून हात पुढे केला होता, आणि इकडे अक्काला दोघी बायकांनी धरून ठेवलं होतं. कमल गेली त्या वेळी चिंतामणराव दुसऱ्या झोपडीत होते. शेवटी तिचा हात कुणी धरला होता की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

अक्का त्यावर एक अक्षर बोलली नाही. पुढची कित्येक वर्षं तिने भावाला वेळेवर गरम जेवण वाढलं, त्याच्या लग्नात अक्षता टाकल्या, आणि ती बोलली नाही.

नंतर एका सकाळी तुळशीला पाणी घालताना ती पडली. डावं अंग लुळं झालं. चिंतामणरावांनी शर्थ केली आणि हातपाय बऱ्यापैकी हलू लागले, पण डाव्या बाजूची जाण गेली ती गेलीच. डोळे मिटले की आपला हात कुठे आहे हे तिला सांगता येईना. अंथरुणात चाचपडत उजव्या हाताने डावा शोधायची. काही आठवडे गेले आणि त्याच मेलेल्या अंगाने पेट घेतला. लुगड्याचा पदर घासला तरी निखारा ठेवल्यासारखं होई. वारा लागला की ती विव्हळे. देवघरातली घंटा वाजली, राजवाड्यावर चौघडा सुरू झाला, की डावं अंग डोक्यापासून तळपायापर्यंत होरपळत जाई. उजव्या अंगाला काहीच होत नसे.

माजघराच्या मागे एक आतली खोली होती. खिडकी नसलेली, थंड. अक्काने आपलं अंथरूण तिथे हलवलं आणि दार लावून घेतलं.

शेजारणी म्हणू लागल्या की हे बाहेरचं आहे. चिंतामणरावांची बायको सुमंगला टेकडीवरच्या देवीचा अंगारा घेऊन आली, तो त्यांनी फेकून दिला. त्यांचा संशय वेगळाच होता. अक्का आपणहून हसे तेव्हा तोंडाची एकच बाजू हसे, डावी दगडासारखी राही. पण त्यांनी हस म्हटलं की सबंध तोंड हसे. म्हणजे अंग शाबूत आहे, त्यांनी ठरवलं. जे बिघडलंय ते मनात आहे.

आणि मग अक्काने त्यांना त्या हाताबद्दल सांगितलं.

ते औषध द्यायला गेले होते. अक्काचा डावा हात अंथरुणाच्या कडेला पालथा पडलेला असायचा, त्या दिवशी तो उताणा होता आणि बोटं अर्धवट मिटलेली होती. चेहरा इतका शांत, की त्यांना तो लहानपणीचा आठवला.

"दुपारची येते," अक्का हळू आवाजात म्हणाली. "हातात हात देऊन बसते. एवढासा हात आहे... गार. तेवढाच वेळ जळत नाही बघ, चिंतू."

कोण येते, असं त्यांनी विचारलं. अक्काने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. नाव घेण्याची गरजच नव्हती. इतक्या वर्षांत न बोललेलं सगळं अक्का आज असं वळसा घेऊन बोलते आहे, असं त्यांना वाटलं, आणि कानशिलं तापली. त्याच संध्याकाळी त्यांनी मुंबईला पत्र टाकलं.

पेटी घरात आली तेव्हा सुमंगलेने त्यांना अडवून पाहिलं. एरवी ती नवऱ्यापुढे फारशी बोलत नसे. ती एवढंच म्हणाली, की त्या पोरीच्या भासाने अक्कांना घटकाभर बरं वाटतं, तर त्यात आपलं काय जातं? भ्रम पोसला की वाढतो, असं चिंतामणरावांनी तिला समजावलं. अक्काने मात्र विरोध केला नाही.

"तुला वाटतं ना, मग कर," ती म्हणाली. "पण ती बसलेली असताना नको."

चिंतामणरावांनी नेमकी तीच वेळ निवडली. भ्रम ऐन जोरात असतानाच मोडायला हवा, असं त्यांच्या पुस्तकात होतं.

दुपारी घर निवांत झालं तेव्हा ते पेटी घेऊन आतल्या खोलीत शिरले. कोनाड्यात दिवा होता. दार लोटताच त्यांच्या नाकात वास गेला. ओल्या गवताचा, कुजत आलेल्या, शाकारलेल्या गवताचा. असा वास त्यांनी एकदाच घेतला होता, गावाबाहेरच्या त्या झोपड्यांत. माळ्यावर पाणी झिरपलं असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि जमिनीवर बसले. अक्काचे डोळे मिटलेले होते. हात उताणा. बोटं मिटलेली, पण पुरती नाहीत, मध्ये काहीतरी असावं तशी.

त्यांनी एक मूठ तिच्या उजव्या तळव्यात दिली. दुसरी डाव्या हातात ठेवण्यासाठी बोटं सोडवू लागले. ती सुटेनात. या हातात एवढा जोर उरला असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"चिंतू... थोडं थांब," अक्का पुटपुटली. "जाईल ती आपणहून..."

त्यांनी पितळी मूठ तिच्या मनगटाला टेकवली आणि पेटीचा खटका ओढला.

पेटी भुंग्यासारखी घुमू लागली. अक्काचं अंग ताठ झालं. आणि खोलीत किंकाळी उठली. बारीक, कोवळी, धापा टाकत ओरडणारी. चिंतामणरावांचा हात खटक्यावरून सुटला. पेटी बंद पडली तरी ते रडणं क्षणभर चालूच राहिलं, मग दाराच्या दिशेने गेलं आणि थांबलं.

सुमंगला पिठाच्या हातांनी धावत आली. "कुणाचं मूल रडलं?" तिने विचारलं.

"अक्का ओरडली," चिंतामणराव म्हणाले.

पण अक्काचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. खालचा ओठ दातांखाली सापडून रक्त हनुवटीवर ओघळलं होतं. तिने सावकाश तोंड उघडलं.

"मी नाही ओरडले," ती म्हणाली. मग डाव्या हाताकडे पाहिलं. बोटं सुटी होऊन पडली होती. "घालवलीस तिला, चिंतू... दुसऱ्यांदा."

गवताचा वास नाहीसा झाला होता. सुमंगलेलाही तो आला होता का, हे विचारण्याचं धाडस त्यांना पुढे कधीच झालं नाही.

त्यानंतर अक्काच्या अंगाची आग क्षणभरही थांबली नाही. दुपारही नाही, रात्रही नाही. अफूच्या अर्काने ती गुंगायची, पण गुंगीतही डावा हात उताणा करून अंथरुणाच्या कडेला ठेवायची आणि वाट पाहायची. चिंतामणराव एकदा तिच्या उशाशी बसले आणि आपलाच हात त्या हातात दिला. तिने किंचाळून तो झटकला. पौषात ती गेली. तिरडीवर बांधताना बायकांनी तो हात छातीवर घेतला, तो पुन्हा पुन्हा घसरून कडेला येत होता.

वर्ष-दोन वर्षांनी मोरोपंत भेटायला आले. ते चिंतामणरावांचे मुंबईचे सोबती. विलायतेत शिकून नुकतेच धारला परतले होते. जेवणं झाल्यावर ओसरीवर पान लावताना ते सहज सांगू लागले, की मेंदूच्या अगदी आत, दोन्ही बाजूंना एकेक, कबुतराच्या अंड्याएवढा भाग असतो. थॅलॅमस म्हणतात त्याला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आतली खोली.

"आपलं माजघर समज," मोरोपंत म्हणाले. "स्पर्श, उजेड, आवाज, जे काही मेंदूला कळायचं ते आधी तिथे येतं, निवडलं जातं, मग वर जातं. एकटा वास तेवढा दुसऱ्या वाटेने जातो. आता एखादी बारीक रक्तवाहिनी बंद झाली आणि उजव्या बाजूच्या त्या भागातला हरभऱ्याएवढा तुकडा मेला, तर डावं अंग बधिर होतं. काही आठवड्यांनी तेच अंग जळायला लागतं. वारा सोसत नाही, घंटेचा आवाज सोसत नाही. फ्रान्सात असे रोगी मरणानंतर तपासले, तो तुकडा डोळ्यांनी पाहिला."

चिंतामणरावांनी विचारलं, की अशा माणसाचं तोंड आपणहून हसताना अर्धंच हसतं का.

"अर्धंच. आणि हस म्हटलं की पुरतं हसतं. तू पाहिलाहेस वाटतं असा रोगी?"

"पाहिला," चिंतामणराव म्हणाले.

अशा रोग्यांना सोंग म्हणून कुणी छळतं, ते मोठं पाप, असं काहीसं मोरोपंत पुढे म्हणाले. अक्काचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. चिंतामणराव उठून आत गेले आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. अक्काचं दुखणं खरं होतं. ती पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. एवढं कळल्यावर बाकीच्या गोष्टीचं काय करायचं, ते त्यांना समजेना. पुढे कित्येक दुपारी ते त्या खोलीत डावा हात उताणा ठेवून बसत. हाताला काही लागत नसे.

पुढच्या हिवाळ्यात टोंकखुर्दकडच्या एका खेड्यातून पटेलाचं बोलावणं आलं. त्याच्या म्हाताऱ्या आईला अर्धांग झालं होतं आणि आता त्या अंगावर गोधडीही सोसवत नव्हती. चिंतामणराव सकाळीच बैलगाडीने निघाले. आत गेल्यावर त्यांनी म्हातारीला हात लावला नाही. दुखणं ओळखीचं होतं. पटेलाला त्यांनी दाराबाहेर थांबवलं आणि खाटेच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसले. दुखतं ते खरं आहे, आई, मला ठाऊक आहे, असं हिंदीत सांगितलं.

म्हातारी कण्हत होती ती हळूहळू शांत झाली. तिने डावा हात उताणा केला. बोटं मिटत आली, पण पुरती नाहीत.

"डाक्टर साब," ती म्हणाली, "तमारे संग जो छोरी आई है, उसका हाथ बड़ा ठंडा है। बहोत आराम पड़ रिया है।"

चिंतामणरावांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत ते दोघेच होते.

"पण एक ही बात बोले जा री है," म्हातारी म्हणाली. "मेरे को समझ नी पड़े... तुम बताओ।" आणि जन्मात गावाबाहेर न पडलेल्या, मराठीचा शब्दही कानावर न पडलेल्या त्या माळवी म्हातारीने एकेक अक्षर जपून उच्चारलं. "आई... कुठंय... मामा?"

 चिंतामणरावांनी डावा हात पुढे केला, कुणी धरावा म्हणून, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चल. घरी चल."

ते उठले. हात तसाच उघडा ठेवून चालू लागले. हाताला काहीच लागलं नाही, गार नाही, ऊन नाही. ते दारापाशी पोचले असतील नसतील, तोच मागे खाटेवर म्हातारी पुन्हा कण्हायला लागली.